टॅपेटची टिकटिक

रेसच्या गाडीसाठी व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट मी निवडला, एकेका व्हॉल्व्हची गॅप मी लावली आणि दादा गाडीच्या मालकाला म्हणाला, "इंजिन माझ्या हातचं आहे. डोळे झाकून पळवा."

मालकाने बॉनेटवर वाकून कान दिला. "टॅपेट वाजतायत पण. व्हॉल्व्हपाशी टिकटिक येतेय."

"रेसचा कॅम आहे, तो वाजणारच," मी म्हणाले. "आवाज घालवायला गॅप कमी केली, तर व्हॉल्व्ह तापून लांबला की पूर्ण बंदच होणार नाही, आणि मग..."

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस!" दादा सगळ्यांदेखत खेकसला. "आवाज बंद कर. इंजिनाचाही आणि तुझाही."

बाबा गेल्यापासून गॅरेजात हे रोजचंच झालं होतं. त्या दिवशी मी पाना उचलला. दादाने सांगितली तेवढी गॅप कमी केली. इंजिन अगदी गरीब गाय झालं आणि मालकाने दादाची पाठ थोपटली.

रेसमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेली गाडी मध्येच ढेपाळली. ढकलत परत आणून इंजिनाचं हेड उघडलं, तर व्हॉल्व्हच्या कडा जळून गेलेल्या. मालकाने दादाची कॉलरच धरली. "तुझ्या हातचं इंजिन ना हे? मग असं कसं झालं?"

दादाला घाम फुटला. तो माझ्याकडे वळला. "अगं, बघतेस काय? तू सांग ना यांना काहीतरी!"



मोठी माणसं बोलत होती. मी मध्ये तोंड घातलं नाही.