शेऱ्याचा रकाना

चतुराबाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला आणि परत श्रीरामच्या टेबलावर ठेवला. "वाच रं लेकरा, काय लिवलंय."

श्रीराम झरीच्या शाळेत क्लार्क. मुलांच्या दाखल्यांच्या जुन्या रजिस्टरातली नोंद न् नोंद कॉम्प्युटरवर चढवायची आणि मग ती रजिस्टरं पोत्यात भरून तालुक्याला पाठवायची, असा हुकूम होता. आज शेवटचा दिवस. त्यात या बाई लेकीचा उतारा न्यायला आलेल्या. राजेश्रीला दवाखान्यातल्या नोकरीत कायम करणार होते, त्यासाठी शाळेचा उतारा हवा होता.

"नाव राजेश्री. आईचं नाव चतुराबाई," श्रीरामने घाईघाईने वाचलं. "वडिलांचं नाव, अज्ञात."

"अज्ञात मंजी?"

"मंजी... ठावूक न्हाई असं."

"कुणाला ठावूक न्हाई? मला?" चतुराबाई उठून उभ्याच राहिल्या. "दर बाजाराला दिसतो की मला. कडक इस्त्री करून गावाला शहाणपण शिकवत हिंडतो. मला समदं ठावूक हाय. मी सांगत न्हाई."

श्रीराम कसनुसा झाला. "मावशी, कॉम्प्युटर रिकामी जागा घेईना. नाव टाका, न्हाईतर अज्ञात. दोनच हायत तिथं."

"गुरुजींनी काय लिवलं ते बघ. माझ्या म्होरं लिवलं होतं."

त्याने रजिस्टर ओढलं. १९९३चं पान. वडिलांच्या नावाचा रकाना कोरा होता आणि सकाळी तेवढंच पाहून तो पुढे सरकला होता. पार कडेला, शेऱ्याच्या रकान्यात, निळ्या शाईतलं बारीक अक्षर होतं: 'वडिलांचे नाव सांगण्यास आईने नकार दिला. आग्रह केला नाही.' खाली व्यंकटराव गुरुजींची सही.

कॉम्प्युटरवर शेऱ्याचा रकानाच नव्हता. श्रीरामला लाज वाटली. जिने भर शाळेत नाही म्हणायची छाती दाखवली, तिला त्याने एक बटण दाबून काहीच ठाऊक नसलेली करून टाकलं होतं.

त्याने छापलेला उतारा फाडला. स्क्रीनवरचं 'अज्ञात' पुसलं. कपाटातून जुना कोरा नमुना काढून सगळा उतारा हाताने लिहिला, शेऱ्यासकट, आणि त्यावर शिक्का मारला. चतुराबाईंनी तो शेरा श्रीरामकडून दोनदा वाचून घेतला, तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

इतक्यात फोन वाजला. तालुक्याचे साहेब होते.

"तुमच्या शाळेची एक नोंद अर्धवट हाय, लाल दिसायलीय. ती झाल्याबिगर रजिस्टर जमा होत न्हाई. काय अडलंय?"

"वडिलांचं नाव न्हाई, साहेब."

"आई हाय का?"

"समोरच बसल्यात."

"मग विचारा की तिला!"

श्रीरामने चतुराबाईंकडे पाहिलं. त्या उताऱ्याची घडी हातात धरून ताठ बसल्या होत्या.

"विचारणार न्हाई, साहेब. कारवाई करायची तर करा," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग त्याने रजिस्टर पुढ्यात घेतलं. गुरुजींच्या सहीखाली बोटभर जागा होती. तिथे आजची तारीख घातली, लिहिलं, 'आजही आग्रह केला नाही', आणि सही केली.