तोकड्या पंखांच्या माश्या

शेवटची माशीही लांब पंखांचीच निघाली.

तिने ब्रशच्या टोकाने ती बाजूला सारली आणि भिंगावरून मान वर केली. मानेत कळ आली. वर्ग भरायला अवकाश होता, प्रयोगशाळेत तिच्याखेरीज कुणी नव्हतं. माश्या ठेवायचं थंड कपाट उन्हाळ्यात बिघडलं होतं, त्या जागी नवं आलं होतं. तेवढं एक घुमत होतं.

प्रयोग दरवर्षीचाच. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात तसल्या बारीक माश्या, प्रत्येकाला एक बाटली. बाटलीतल्या माश्या दिसायला लांब पंखांच्या, पण त्यांच्या आईबापांपैकी एक तोकड्या पंखांचा. म्हणून त्यांच्या पिलांत चारातलं एक तोकड्या पंखांचं निघतं. हे पुस्तकात होतं, आणि पुस्तक न उघडणाऱ्यांनाही पाठ होतं. बाटल्या वाटताना मॅडमनी लांबण लावली नव्हती. "मोजा. दिसेल ते लिहा," एवढंच म्हणाल्या होत्या.

तिने डोळ्यांत तेल घालून मोजलं होतं, आणि तिच्या बाटलीत तोकड्या पंखांची एकही माशी नव्हती.

आधी वाटलं, बेशुद्ध करायचं औषध जास्त झालं असेल. मग वाटलं, आपल्याच डोळ्यांवर झापड आहे. ते काही खोटं नव्हतं. सकाळी इथे मोजायचं, मग तास, मग संध्याकाळपर्यंत इस्पितळाच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायची. पदवी आणली तर तिथेच तिला तंत्रज्ञाची जागा मिळणार होती. तिशी उलटल्यावर पोराटोरांत येऊन बसायचं ते त्यासाठी. प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली होती. आता ही शेवटची संधी.

"मावशी, अजून माश्याच मारतेयस का?"

शेजारच्या टेबलावरची चष्मिस आली होती. वर्गातली सगळीच तिला मावशी म्हणत. आधी राग यायचा, आता तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"तुला तोकडे आले?" तिने विचारलं.

"आले की. सगळ्यांनाच आले." चष्मिसने वही पुढे केली. आकडे सुबक अक्षरात होते, तीनास एकच्या आसपास.

"नीट मोजल्यास?"

चष्मिस हसली. "उत्तर माहीत असताना मोजतं कोण, मावशी?"

तेवढ्यात मॅडम आत आल्या. चष्मिसने वही मिटली. मॅडम तिच्या टेबलाशी थांबल्या, भिंगाखालच्या माश्यांकडे बघत राहिल्या.

"काय दिसलं?"

"अजून मोजतेय, मॅडम."

मॅडम जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. "बरं. उद्या तोंडी परीक्षेत तुझी वही मी सगळ्यांत शेवटी बघणार आहे."

तिने पुन्हा भिंगावर मान वाकवली. म्हणजे आपण नजरेत आलो तर.

घरी धाकट्या बहिणीने ताट वाढून ठेवलं होतं. आई गेल्यावर बहिणीने पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि चूल सांभाळली. पुस्तकं तिने रद्दीत घातली नव्हती. जुन्या चादरीत बांधून पलंगाखाली सरकवली होती, आणि झाडताना गाठोडं बाहेर काढून पुसून परत ठेवायची.

"ताई, उद्या सुटशील ना?" ती सहज विचारल्यासारखं म्हणाली. "नाही, घाई नाही. पण कॉलेजचे प्रवेश सुरू झालेत म्हणून विचारलं."

"सुटेन गं."

जेवण झाल्यावर तिने वही उघडली. तिच्या अक्षरात एकच ओळ होती: तोकड्या पंखांची एकही माशी आढळली नाही. ती ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली. सगळ्या वर्गाला जे दिसलं ते हिला एकटीला दिसेना. शेवटच्या संधीला अशी ओळ कोण मान्य करणार? भांडी घासत राहा म्हणतील, आणि गाठोडं तिथेच राहील.

तिने पान फाडलं. नव्या पानावर आकडे लिहिले, थोडे इकडेतिकडे करून, फार जुळू नयेत असे. तिला स्वतःची लाज वाटली. पण थकवा लाजेहून मोठा होता, आणि ती पडल्या पडल्या झोपली.

दुसऱ्या दिवशी एकेक जण आत जाऊन हसत बाहेर येत होता. तिचा नंबर आला तेव्हा मॅडमच्या टेबलावर डावीकडे सगळ्यांच्या वह्यांचा उंच गठ्ठा होता. उजवी बाजू मोकळी होती.

मॅडमनी तिची वही हातात घेतली. पानं उलटता उलटता माश्यांच्या पानाशी थांबल्या.

"तुलाही तोकडे आले?"

"हो, मॅडम."

"रोज सकाळी भिंगाला डोळा लावून बसलेली तू एकटीच होतीस."

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. कष्टांची दखल कुणीतरी घेतली होती. कितीतरी महिन्यांनी तिने खुर्चीत पाठ टेकली.

मॅडमनी वही मिटली. वही धरलेला हात उजवीकडच्या मोकळ्या जागेवर क्षणभर थबकला. मग त्यांनी ती डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवून दिली आणि खणातून एक जुनी बाटली काढून तिच्यासमोर ठेवली. बाटलीवर मॅडमच्या अक्षरात 'तोकडे पंख' अशी चिठ्ठी होती, आणि तळाशी वाळून काळा पडलेला थर.

"उन्हाळ्यात कपाट बंद पडलं तेव्हा ही सगळी जात मेली," मॅडम म्हणाल्या. "यंदा सगळ्यांच्या बाटल्यांत मी तोकड्यांचा अंशही नसलेल्या, नुसत्या लांब पंखांच्याच माश्या घातल्या होत्या."