वाजला की ये

"इथे मोजे. इथे शर्ट. इथे तू," असं म्हणत साहेबांनी कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढून आईला दाखवला. खण रिकामा होता. आल्या आल्या त्यांनी तो तिच्या कपड्यांसाठी राखून ठेवला होता.

साहेब बेचाळीस वर्षांचे. शर्टाची बटणं अजून आईच लावून द्यायची, पण हात पाठीमागे बांधून घरभर तपासणी करत फिरायचा रुबाब असा, की लहानपणीच सगळे त्यांना साहेब म्हणायला लागले ते लागलेच. आजपासून साहेबांचा मुक्काम या घरी होता. साहेबांसारख्यांची सोय बघणाऱ्या एका संस्थेने बघून दिलेलं घर, माणसं जिवाला जीव देणारी. घरची ताई पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. तिच्या मशीनशेजारी साहेबांसाठी खुर्ची आली होती, आणि निवडायला बटणांचा डबा.

"मावशी, तुम्हीच सांगा त्यांना," ताई हळूच म्हणाली. "इथली सवय होईपर्यंत महिनाभर भेटायचं नाही, हे माझ्या तोंडून नको."

"सांगते," आई म्हणाली, आणि लावलेल्या मोज्यांच्या जोड्या पुन्हा लावत बसली.

सांगायचं तरी कसं? उन्हाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली, शुद्ध हरपली, तेव्हा साहेबांनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं, डोक्याखाली उशी सरकवली आणि तिची झोप होईपर्यंत म्हणून संध्याकाळपर्यंत शेजारी बसून राहिले. कोणाला तरी हाक मारावी हे काही त्यांना सुचलं नाही. डोळे उघडल्यावर ती घाबरली, ती स्वतःसाठी नव्हे.

म्हणून तर तिने त्यांना आपल्याशिवाय राहायची सवय लावायला घेतली. दर गुरुवारी इथे यायचं, आपल्या स्वयंपाकघरातला पिवळा, पिळायचा टायमर त्यांच्या हातात द्यायचा आणि निघायचं. वाजला की आई येणार. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग पुरता तास. म्हातारी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची, जिन्यात घड्याळाकडे बघत ताटकळत राहायची, आणि आत घंटी वाजली रे वाजली की दार ढकलायची. एकदासुद्धा चुकली नाही. साहेब एकटे राहायला शिकले, म्हणून ती मनातल्या मनात खूश होती. पण साहेब शिकले होते ते एवढंच, की टायमर वाजला की आई येते. हे तिला आत्ता, त्या रिकाम्या खणापुढे बसल्यावर कळलं.

"साहेब," ती म्हणाली, "आज ना..."

"टायमर," साहेबांनी हात पुढे केला.

तिने पिशवीतून काढून दिला. साहेबांनी तो साठावर पिळला, कानाला लावून चालतोय याची खात्री केली आणि परत तिच्याच पिशवीत ठेवला.

"अरे, मला कशाला?"

"तू विसरतेस हल्ली. गॅस विसरतेस. चष्मा विसरतेस." त्यांनी पिशवीवर थोपटलं. "वाजला की ये."

ताईने मशीनवर मान खाली घातली. आई "बरं" म्हणाली. एवढ्या दिवसांत जमवलेल्या शब्दांतून ऐन वेळी तेवढाच बाहेर पडला, आणि जिना उतरेपर्यंत ती स्वतःला शिव्या घालत राहिली.

बस पाऊण तास उशिरा आली. खिडकीजवळची जागा मिळाली. मांडीवरच्या पिशवीतून टिकटिक हाताला लागत होती. तिकडे साहेब दाराशी जाऊन उभे असणार, हात पाठीमागे बांधून. तिला हुंदका आवरेना. तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि पदराने पुसून काढलं.

दोन स्टॉप गेले असतील, तोच घंटी वाजली.

"आजी, तुमच्या पिशवीत काहीतरी वाजतंय," शेजारची मुलगी म्हणाली.

"हो. मुलगा बोलावतोय."

"मग उतरा ना. हा काय, स्टॉप आलाच."

मुलीने पाय आवरून वाट करून दिली. बस थांबली. दार उघडलं. आईने पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि दार बंद होऊन बस सुटेपर्यंत सोडला नाही. मग तिने टायमर बाहेर काढला, पुन्हा साठावर पिळला, आणि चालतोय की नाही ते कानाला लावून पाहिलं.