अनिलशेठचे अकरा सैनिक

“झुबेर, तलवार आहे ती, ग्राइंडर नव्हे. एका हातात धर,” अनिलशेठ म्हणाला. “यल्ला, चला, परत पहिल्यापासून.”

अकरा वेल्डर आणि फिटर पुन्हा रांगेत उभे राहिले. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातलं अनिलशेठचं वर्कशॉप शुक्रवारचं बंद होतं. जुम्म्याच्या नमाजाला अजून दोन तास होते. तेवढ्या वेळात इंग्लंडच्या राजाला फ्रान्सशी लढाई उरकायची होती.

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजांचं. कॉलेजात शिकणाऱ्या सान्वीच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, पुस्तकात अनिलने ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात भूत शिरलं. मूठभर सैनिक, समोर पाचपट फौज, आणि काही झालं तरी मागे न हटणारा राजा. रिकाम्या हाताने दुबईत उतरून वर्कशॉप उभं केलेल्या माणसाला हा राजा आपलाच भाऊबंद वाटला. मराठी भाषांतर बापलेकीने मिळून केलं. ती अर्थ सांगायची आणि तो खणखणीत वाक्यं करायचा. राजाची भूमिका कोण करणार, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दुबईतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक नाट्यस्पर्धेत गेली सहा वर्षं त्याचं नाटक आपटत होतं. यंदा आपटू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. आणि अनिलने एकदा ठरवलं की ठरवलं.

“खोटं काही चालणार नाही,” असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तलवारी पत्र्याच्या कापल्या. मुकुट स्टेनलेस स्टीलचा केला. तो कपाळाला रुतायचा, पण अनिल तालीम संपेपर्यंत काढायचा नाही.

घोडं अडत होतं ते चौथ्या अंकात. लढाईच्या सकाळी राजा सैनिकांपुढे तबक धरतो. तबकात घरी जायचे परवाने. ज्याला भीती वाटते त्याने आपला परवाना उचलावा आणि निघावं. कुणी हलत नाही. मग सगळ्यात म्हातारा सैनिक पुढे येतो, गुडघा टेकतो आणि म्हणतो, “महाराज, तुम्हाला सोडून कुठे जाऊ?” की लगेच जयजयकार.

म्हातारा सैनिक होता हमीद. दापोलीकडचा, चौदा वर्षं याच वर्कशॉपमध्ये. ते वाक्य तो पाणीपट्टीची नोटीस वाचावी तसं म्हणायचा.

“हमीद, मनापासून बोल रे.”

“बोलतोय ना, शेठ.” हमीद जरा घुटमळला. “शेठ, ते सुट्टीचं... अम्मा रोज फोनवर विचारते, कधी येतोस.”

हमीदची आई मरियमबी रमजानपासून अंथरुणाला खिळली होती.

“इन्शाल्ला, खोर फक्कान बंदराची शिपमेंट जाऊ दे, मग बघू,” अनिल म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता. “आधी वाक्य.”

हमीद मान डोलावून रांगेत गेला. वाक्य मात्र होतं तसंच राहिलं.

घरी सान्वीने तालमीचा व्हिडिओ पाहिला आणि तोंड वाकडं केलं. “पप्पा, इट्स नॉट वर्किंग. तबकात कार्डबोर्डचे तुकडे आहेत. राजा काही देतच नाहीये. मग ते नाही म्हणाले काय न् हो म्हणाले काय, हू केअर्स?”

अनिलला चडफडायला झालं, पण पोरीचं म्हणणं पटलं. जेवायला बसला तरी तो त्याच विचारात होता.

“खरे ठेवू,” तो एकदम म्हणाला. “पासपोर्ट. सगळ्यांचे.”

कुंदाने, त्याच्या बायकोने, वाढता वाढता वर पाहिलं. “अहो, ते तर ऑफिसच्या कपाटात असतात ना? कुलपात?”

“मग? हरवतील म्हणून ठेवलेत. घरच्यासारखं सांभाळतो मी त्यांना. कोणी सोडून जाईल का? बघच तू, स्टेजवर काय रंग चढतो ते.”

कुंदाने त्याला आणखी आमटी वाढली.

पुढच्या शुक्रवारी अनिलने सैनिकांना ते सांगितलं. 

“नक्की ना, शेठ?” हमीदने विचारलं. “अकराचे अकरा?”

“अकराचे अकरा. पण शोच्या दिवशीच हां.”

आणि काय सांगावं, त्या दिवशी हमीदचं वाक्य असं लागलं की अनिलच्या अंगावर काटा आला. त्यानंतर तर तालमींचा नूरच पालटला. माणसं वेळेआधी हजर व्हायला लागली. चौथा अंक पुन्हा करू, असं झुबेर स्वतःहून म्हणायला लागला. अनिलला भरून आलं. चौदा चौदा वर्षांची माणसं ही, उगाच का जीव लावतात, असं त्याने कुंदाला दोनदा सांगितलं.

स्पर्धेच्या शनिवारी दुपारी दुबईच्या अल कुसैस भागातल्या शाळेचं सभागृह गच्च भरलं. पहिले तीन अंक बघता बघता गेले. हशा पिकला, टाळ्या पडल्या. विंगेत शत्रूची फौज, म्हणजे मंडळाचे अकाउंटंट लोक, ढोल घेऊन तयार उभी होती.

अनिल तबक घेऊन पुढे आला. “भीती वाटते त्याने आत्ताच निघावं,” तो गरजला. “हा परवाना, ही वाट. माझी आडकाठी नाही.”

 हमीद पुढे आला आणि त्याने गुडघा टेकला. अनिल वाक्याची वाट पाहत राहिला. हमीद उठला, तबकातले पासपोर्ट एकेक उघडून त्याने फोटो पाहिले, आपला निवडला आणि चिलखताच्या आत शर्टाच्या खिशात ठेवला.

“बरंय शेठ, येतो,” तो हळूच म्हणाला आणि पायऱ्या उतरून प्रेक्षकांमधून दाराकडे चालू लागला. त्याच्यामागे आपापला पासपोर्ट उचलून झुबेर, मग एकेक करत बाकीचे नऊ. आणि ढोल वाजवत शत्रूची फौज आत शिरली तेव्हा रिकामं तबक धरून राजा एकटाच उभा होता.