कप्पीला तेल

अलिबागच्या विश्वंभरपंत वकिलांच्या माजघरात छताला मोठा कापडी पंखा टांगलेला होता. त्याची दोरी भिंतीतल्या कप्पीवरून पडवीत जाई आणि तिथे बसून बायजा ती ओढी. दर उन्हाळ्यात तिला डुलकी लागे, पंखा थांबे आणि पंत आतून ओरडत. यंदा मात्र पंतांनी स्वतः कप्पीला एरंडेल घातलं, आणि पंधरा दिवस पंखा दुपारभर थांबला नाही. येईल त्या पक्षकाराला ते आपली ही कारागिरी ऐकवत होते.

आज पंखा अचानक थांबला. पंत तेलाची बुधली घेऊन तरातरा पडवीत आले. पाहतात तो दोरीचं टोक पडवीत टांगलेल्या झोळीला बांधलेलं, आणि झोळीत बायजाचा तान्हा मुलगा.

"हळू बोला, वकीलसाहेब," बायजा कुजबुजली. "रोज झोके थांबले का रडतो. पंधरा दिसांनी आज कुठं दुपारचा निजलाय."

पंत पाय न वाजवता आत गेले आणि घाम पुसत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच ते पुन्हा पडवीत आले. या खेपेला त्यांच्या हातात बुधली नव्हती, खुळखुळा होता.