कोरडा डायपर

घरात डॉक्टर असणं हे पूर्वजन्मीचं पुण्य असतं. आमच्या घरात तीन आहेत. दादा हाडांचा, आत्या दातांची आणि मेहुणा त्वचेचा.

माझ्या दोन वर्षांच्या लेकीचे, शर्वाणीचे, रक्ताचे जुलाब थांबले, तेव्हा तिघांनीही फोनवरून श्रेय घेतलं. मग ती पांढरीफटक पडली. मेहुणा म्हणाला, "खजूर द्या." तिचा चेहरा सुजला. आत्या म्हणाली, "बाळसं धरतेय गं."

"अहो दादा, कालपासून डायपर कोरडा आहे," बायको सांगत राहिली.

"चांगल्या कंपनीचा असेल," दादा म्हणाला.

शेवटी कोणालाही न विचारता बायकोने लेकीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शू कधी केली?" मग रक्त तपासलं. तांबड्या पेशी फुटलेल्या, प्लेटलेट्स घसरलेल्या, मूत्रपिंडं बंद पडत आलेली.

"हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम," ते म्हणाले. "जुलाबाच्या जंतूंचं विष भिनलंय. त्यावर औषध नाही. रक्त द्यायचं, डायलिसिस करायचं आणि लघवीची वाट बघायची."

आता आमचे तिन्ही डॉक्टर तिच्या कॉटपाशी उभे राहून लघवीच्या पिशवीकडे बघतायत. पिशवी रिकामी आहे.