चौकाकडचे पाहुणे

दोन बैलगाड्या मैदानाच्या कडेला थांबल्या आणि त्यांतून उतरणारी पोरं बघून उमा दोन पावलं मागं सरकली.

"हीच का हो ती चौक गावाकडची?" कडेवरच्या सुचेताला घट्ट धरत तिनं नवऱ्याला विचारलं.

"हीच!" शशिकांत मास्तरांचा चेहरा नुसता फुलला होता. "आली बघ! शेवटी आली!"

"पण आहेत कोण? कुठल्या शाळेची?"

"पोरं ती पोरं," म्हणत मास्तर चेंडूत हवा भरायला पळाले.

कर्जतच्या त्यांच्या शाळेनं तालुक्यांचं फुटबॉल मंडळ सोडलं, तेव्हापासून या मैदानावर सामना झालाच नव्हता. आदिवासी वाडीवरच्या पोरांना संघात घ्यायचं नाही, असा मंडळानं ठराव केला. मास्तरांच्या संघातला सगळ्यात चलाख गडी पोशा, डोंगरातल्या ठाकरवाडीचा. त्याला वगळायचं? मास्तरांनी मंडळालाच रामराम ठोकला. त्यावर मंडळाचे अध्यक्ष तात्या वकील यांनी स्वतःच्या हातानं नवं कलम घातलं. ज्या शाळेचा एक जरी पोरगा कर्जतशी खेळेल, ती शाळा त्या घटकेपासून मंडळाबाहेर.

झालं! मास्तर मंडळातल्या सहाही शाळांचे उंबरठे झिजवून आले. कुठं चहा मिळाला, कुठं गोड शब्द. सामना कुणीच दिला नाही. इकडं शाळेच्या चालकांनी बजावलं, दिवाळीच्या आत एखाद्या शाळेशी सामना खेळून दाखवा, नाहीतर पोशाला काढा आणि मुकाट्यानं मंडळात परत चला.

दिवाळी तोंडावर आली. आणि परवा बाजारच्या माणसाबरोबर चौकाहून तोंडी निरोप आला, 'रविवारी येतो. जेवायला घाला.' एवढाच.

सुचेता झाल्यापासून उमा मैदानाकडं फिरकलीही नव्हती. पण आज तिला घरात बसवेना. तिनं पाहुण्यांना निरखून घेतलं. एकाचा सदरा निळा, दुसऱ्याचा तांबडा, तिसऱ्याचा पिवळा. सदरे चांगले नवे, पण प्रत्येकाच्या छातीवर डावीकडं तळव्याएवढं जुनेराचं ठिगळ, उलट्यासुलट्या टाक्यांनी लावलेलं. आणि एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक नव्हतं! "ए उंच्या," "अरे निळ्या," अशाच हाका चालल्या होत्या.

भाड्यानं आणलेली पोरं. सामना बिघडवायलाच आणली असणार, तिला वाटलं. कुणी आणली, तेही तिला लगेच दिसलं. खालापूरहून आलेल्या टांग्यातून तात्या उतरत होते.

तात्यांनी उभ्या जन्मात एकही सामना पाहिला नव्हता. ते मंडळ चालवायचे ते दिवाणखान्यातून. शाळांची चिन्हंसुद्धा त्यांनीच तिथं बसून ठरवून दिली होती, हत्ती, मशाल, नांगर अशी. आज मात्र ते जातीनं हजर होते.

"म्हटलं, बघावं कोण खेळतंय, सूनबाई," ते हसून म्हणाले. "आमच्यापैकी कुणी नसेलच म्हणा."

रेल्वेतल्या गार्डसाहेबांनी पंच म्हणून शिट्टी फुंकली. गाडी सुटली असं वाटून रस्त्यावरचे दोघं बोचकी घेऊन स्टेशनाकडं धावले. मैदानभर हशा पिकला आणि सामना सुरू झाला.

काय सामना तो! चेंडू या टोकाचा त्या टोकाला. पाहुण्यांनी गोल चढवला, कर्जतनं फेडला. पोरं नुसती बेंबीच्या देठापासून ओरडत होती. उमाचं लक्ष मात्र पोशावर आणि त्याला सावलीसारख्या चिकटलेल्या त्या उंच पोरावर.

"बाय, त्यो उंचाडा माज्या पोशालाच का धरून हाय गं?" शेजारी बसलेली सुंदरा, पोशाची आई, कुजबुजली.

"काही नाही गं, खेळच तसा असतो," उमा म्हणाली. पण तिची नजर त्या उंच पोरावरून हटेना.

तेवढ्यात दोघं धडकले. पोशा पाय धरून कोसळला. सुंदरा किंचाळून उठली. उमा सुचेतासकट रेषेच्या आत धावली.

उंच पोरगा गुडघ्यावर बसून पोशाची पोटरी चोळत होता. "गोळा आलाय रं. पाय ताण. हां, असा." त्यानंच पोशाला हात देऊन उभं केलं, आणि पोशा त्याच्याकडं बघून हसला. उमाला काही कळेना.

आणि शेवटच्या घटकेला त्याच पोशानं त्याच उंच पोराला हुलकावणी देऊन गोल मारला! मास्तरांनी टोपी उडवली, ती कुठं पडली ते त्यांनी पाहिलंच नाही. सुचेता टाळ्या पिटत होती. सुंदरा रडत होती की हसत होती, तिचं तिलाच ठाऊक.

गलका ओसरेपर्यंत तात्या थांबले. मग काठी टेकत पुढं आले.

"खेळ झकास झाला, मास्तर. पण हा सामना धरता येणार नाही. चालकांची अट स्पष्ट आहे, समोर शाळा हवी. ही ठिगळवाली टोळी कुठल्या शाळेची? कुठलीच नाही. तेव्हा पोशाचं नाव काढा."

चालकांनी माना हलवल्या. सुंदरानं उमाचा पदर धरला. पोशा मातीकडं बघत राहिला.

"तात्यासाहेब," उंच पोरगा पुढं झाला. त्यानं छातीवरचं ठिगळ टर्रकन ओढलं. खाली हत्ती होता.

निळ्यानं ओढलं, मशाल. पिवळ्यानं ओढलं, नांगर. मैदानभर टाके उसवत गेले, आणि तात्यांनी स्वतः ठरवून दिलेली सहाच्या सहा चिन्हं त्यांच्यासमोर उन्हात उभी राहिली.

"तुमच्या कलमाप्रमाणं आता आमी सगळेच मंडळाबाहेर," उंच पोरगा अदबीनं म्हणाला. "पुढच्या रविवारपासून आमी कर्जतशी खेळणार. तुमी कुणाशी खेळणार?"